घरचे की ताजे?

वाचकहो, उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, गावाला निघालोय, खाण्यापिण्याचं काय पथ्य पाळू?" जवळजवळ पंचवीस वर्षे मी या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर देत आलो : "बाहेरचे काही खाऊ नका. घरचा डबा बरोबर घ्या." हे उत्तर चुकीचे होते, निदान अर्धवट होते, हे मला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कळले. ते कसे कळले, ते आज सांगतो. कारण माझ्या या चुकीची किंमत मी नव्हे, माझ्या एका रुग्णाने मोजली.

आमच्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाबासाठी माझ्याकडेच औषध चालू. त्या गोळ्यांत एक लघवीवाटे पाणी काढणारी गोळीही असते. मुलगा, सून, तीन नातवंडे आणि गुरुजींच्या पत्नी असे सगळे जीप करून कोकणात निघाले होते. निघण्याच्या आदल्या दिवशी सूनबाई दवाखान्यात आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. मीही तेच उत्तर दिले.

त्या माउलीने माझा शब्द तंतोतंत पाळला. रात्री अकरा वाजेपर्यंत जागून पुऱ्या तळल्या, बटाट्याची भाजी केली, ती गरम गरम मोठ्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावले. पहाटे चारला गाडी निघाली. कोल्हापूरला देवीच्या दर्शनाच्या रांगेत बराच वेळ गेला. गाडी उन्हात उभी, डबा गाडीत. आंबा घाटाच्या अलीकडे एका झाडाखाली बसून मंडळी जेवली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. म्हणजे भाजी होऊन पंधरा तास झाले होते, आणि तेही मे महिन्यात!

पाचच्या सुमारास घाट उतरल्यावर उलट्या सुरू झाल्या. आधी दोन मोठ्या नातवंडांना, मग मुलाला, सुनेला, सासूबाईंना आणि शेवटी गुरुजींना. रात्री नऊला मला फोन आला. तोपर्यंत गुरुजींना दहा-बारा वेळा जुलाबही झाले होते आणि दुपारपासून लघवी झालेली नव्हती. त्यांना तातडीने दवाखान्यात न्या, असे मी सांगितले. तीन दिवस सलाईन लागले. मूत्रपिंडांवर ताण आला होता, रक्तातील क्रिएटिनिन वाढले होते. वेळेवर उपचार मिळाले म्हणून निभावले. जरा उशीर झाला असता तर आज मी हा लेख वेगळ्या शब्दांत लिहीत असतो.

आता यातली खरी गंमत पाहा. गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. त्या गाडीत दोघांना काहीही झाले नाही. एक गाडीचा चालक. तो यांच्याबरोबर जेवायला न बसता शेजारच्या पत्र्याच्या खानावळीत गेला. तिथे एका बाईने त्याच्यासमोर भाकरी थापली, चुलीवरचा झुणका ताटात वाढला आणि कांदा फोडून दिला. दुसरी, सर्वांत धाकटी नात. तिला बटाट्याची भाजी आवडत नाही म्हणून तिने आजीने पिशवीत घातलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. म्हणजे ज्याला आम्ही डॉक्टर मंडळी 'बाहेरचे' म्हणून नाके मुरडतो ते खाणारा ठणठणीत, आणि घरचे खाणारे सलाईनवर!

या प्रकारात नेमका कोणता जंतू होता याची तपासणी झाली नाही, तेव्हा छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण जेवणानंतर तीन तासांत उलट्या सुरू होणे हे बहुधा जंतूंनी अन्नात आधीच तयार करून ठेवलेल्या विषाचे लक्षण असते. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आपल्यापैकी अनेकांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. शिजवलेल्या अन्नाला हात लागला की तो तिथे उतरतो. त्याचे विष असे चिवट की अन्न पुन्हा गरम केले तरी ते नष्ट होत नाही. त्यामुळे 'परत एक उकळी आणली होती हो' हा बचाव इथे चालत नाही.

जंतूंचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात ते वाढतात. ऊब, ओल आणि अन्न असे सगळे मनासारखे मिळाले तर अनेक जंतू वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. गरम भाजी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून उन्हातल्या गाडीत ठेवणे म्हणजे त्यांना उबवणीची पेटीच करून देणे. डबा घरचा आहे की हॉटेलचा, हे जंतू विचारत नाहीत. किती वेळ झाला आणि किती ओल आहे, एवढेच ते पाहतात.

म्हणून माझे आजचे मत असे आहे : उन्हाळ्यात 'घरचे की बाहेरचे' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'ताजे की शिळे' हा खरा प्रश्न आहे.

आपल्या आज्यांना हे कोणी शिकवले नव्हते, पण त्यांना ते ठाऊक होते. आमच्या सोलापूर भागातली कडक भाकरी घ्या. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी पाणी आटेपर्यंत भाजून, वाळवून कडक करतात. ती कित्येक दिवस टिकते. कारण तिच्यात ओलच शिल्लक नसते आणि ओलीशिवाय जंतू वाढत नाहीत. शेंगाचटणीचेही तेच. दुधात भिजवलेल्या दशम्या, गूळ-शेंगदाणे, लाडू, भडंग, चिवडा ही सगळी प्रवासासाठी विचार करून घडवलेली शिदोरी आहे. ओली भाजी, भात, मसालेभात, खिचडी, खव्याची मिठाई यांना जुन्या शिदोरीत स्थान नव्हते. आपण डबे सुधारले, झाकणे घट्ट केली, आणि डब्यात काय घालायचे ते मात्र विसरलो.

प्रवासापुरतेच कशाला, घरातही तसेच झाले आहे. १९७० च्या दशकात माझे बालपण खेड्यात गेले. मे महिन्यात आजी सकाळी मडक्यातली आंबील काढायची. ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी ताकात भिजवलेले असायचे, ते सकाळी शिजवून, लसूण-जिरे-मीठ घालून थंड केलेले. दोन वाट्या आंबील पिऊन माणसे शेतात जात. दुपारी भाकरी, कांदा, कैरीची चटणी, चार वाजता पन्हे, रात्री ताक-भात. आढीतल्या गवताखाली हात घालून पिकलेला आंबा शोधण्यात आमची दुपार जाई. त्या खाण्याला कोणी 'आरोग्यदायी' म्हणत नव्हते. ते त्या ऋतूत मिळत होते म्हणून खायचे, आणि आवडत होते म्हणून पुन्हा मागायचे.

आज त्याच खेड्यातून माझ्याकडे येणारी आई सांगते, "पाहुणे आले तर ताक कसं पुढं करायचं डॉक्टर? बाटली आणावी लागते." ही लाज मला काळजीची वाटते. तीनशे मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीत साधारण सहा ते आठ चमचे साखर असते. घामावाटे जाते ते पाणी आणि मीठ. बाटलीतून येते ती मुख्यतः साखर आणि वायू. ग्लासभर पातळ ताकात पाणी आहे, मीठ आहे, थोडी प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे, आणि ते आपल्याच म्हशीचे आहे. मग लाज कोणाला वाटायला हवी?

उन्हाळ्यात निसर्ग आपल्याला देतो ती फळेच पाहा. कलिंगड, खरबूज, काकडी यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ताडगोळे, जांभळे, करवंदे हा रानमेवा याच दिवसांतला. यांतले काहीही परदेशातून डब्यात भरून यावे लागत नाही. मंडईतून सकाळी आणावे, स्वच्छ धुवावे आणि त्याच दिवशी संपवावे. कलिंगड मात्र अख्खे घ्यावे, घरी आणून धुवावे आणि मग कापावे. रस्त्यावर कापून ठेवलेल्या, माश्या बसलेल्या फोडी कितीही लालभडक दिसल्या तरी मोह टाळावा.

आंब्याबद्दल दोन शब्द. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून फळे पिकवण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. ठरावीक प्रमाणात इथिलीन वायू वापरून पिकवण्यास परवानगी आहे आणि फळ स्वतःही पिकताना तोच वायू सोडते. पेटीतले सगळे आंबे एकसारखे पिवळे, पण वास नाही आणि आत फळ टणक-आंबट, तर शंका घ्यावी. शक्य असेल तर कच्चे आंबे आणून घरीच आढी घालावी. मधुमेहाचे रुग्ण विचारतात, आंबा पूर्ण बंद का? माझे उत्तर असे : साखर ताब्यात असेल तर अधूनमधून लहान आंब्याच्या दोन फोडी चावून खा, आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा. रसाची वाटी मात्र नको, कारण रस किती पोटात गेला याचा हिशेब जिभेला राहत नाही. साखर ताब्यात नसेल तर आधी ती ताब्यात आणू, आंबा पुढच्या वर्षीही येणार आहे.

आता प्रवासाकडे वळू. आपण दुसऱ्या मुलखात जातो आणि बरोबर आपलेच बिस्किटांचे पुडे व कुरकुरीत पाकिटे घेऊन खोलीत बसतो, हे मला पटत नाही. त्या मुलखातल्या लोकांनी तिथल्या उन्हाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले असते, आणि ते त्यांच्या ताटात दिसते. कोकणात गेलात तर सकाळी उकड्या तांदळाची गरम पेज मागा. पाणी, मीठ, पिष्ट आणि वाफाळते ताट, पोटाला याहून हलके काय हवे? कोकमाचे सरबत प्या, पण पाणी कोणते वापरले ते विचारून. तांदळाची भाकरी आणि त्या दिवशीच्या मासळीचे कालवण गरम असताना खा. सोलकढी नारळाच्या दुधाची असते, ती लवकर नासते. दुपारी केलेली दुपारीच प्यावी, रात्री उरलेली नाही. विदर्भात गेलात तर आमरसाबरोबर सरगुंडे खाऊन पाहा. खानदेशात कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळाला तर सोडू नका. आणि बाहेरगावचे पाहुणे आपल्याकडे आले तर त्यांना आंबील द्या, बाटली नव्हे.

याचा अर्थ वाटेत दिसेल ते खावे असा कोणी घेऊ नये. बाहेरच्या खाण्यातला सर्वांत मोठा धोका भाकरी-पिठल्यात नाही. तो पाण्यात आणि बर्फात आहे. मासळी आणि माल टिकवण्यासाठी जो बर्फ तयार होतो तो पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. म्हणूनच २०१८ साली आपल्या राज्यात अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आला. पण पांढरा दिसला म्हणून बर्फ शुद्ध ठरत नाही, कारण तो कोणत्या पाण्याचा आणि कोणत्या गोणपाटात गुंडाळलेला, हे आपल्याला दिसत नाही. उसाचा रस प्यायचा तर चरक डोळ्यांसमोर धुतलेला असावा, ऊस स्वच्छ असावा आणि रस बिनबर्फाचा असावा. उघड्यावरची पुदिन्याची ओली चटणी, चिरून ठेवलेला कांदा-कोबी, सकाळपासून परातीत पडलेली बटाटेवड्याची भाजी यांच्यापासून दूर राहावे. कढईतून समोर निघालेला गरम वडा हा त्याच गाड्यावरच्या थंड चटणीपेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो.

एवढे करूनही पोट बिघडलेच तर घाबरू नये, पण वेळही घालवू नये. जुलाबात माणसाचा जीव जातो तो बहुतेक वेळा पाणी आणि क्षार संपल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली होती. सलाईन अपुरे पडले, तेव्हा कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडाने पाजून असंख्य जीव वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ते औषध आज आपल्याला प्रत्येक मेडिकलच्या दुकानात पुडीत मिळते. ती पुडी लिटरभर पाण्यासाठी असेल तर लिटरभरच पाण्यात घालावी. अर्धी-अर्धी करू नये. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट पाजत राहावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा.

इथे एक सावधगिरी. 'ओआरएस' असे मोठ्या अक्षरांत छापलेली फळांच्या चवीची गोड पेये वर्षानुवर्षे दुकानांतून विकली गेली. गुरुजींच्या नातवंडांनाही त्या संध्याकाळी वाटेतल्या दुकानातून असलेच एक पेय पाजले होते. अशी साखरट पेये जुलाब वाढवू शकतात. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. तरीही पुडी घेताना तीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असल्याचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावे. आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांची औषधे घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना उलट्या-जुलाब लागले तर घरी प्रयोग करत बसू नये. लघवी कमी होणे, सुस्ती, जुलाबात रक्त, काहीच पोटात न ठरणे यांपैकी एकही लक्षण दिसले की डॉक्टरांकडे जावे, आणि चालू गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या हे त्याच वेळी विचारावे. गुरुजींना त्या दिवशी सकाळची पाण्याची गोळी वेळेवर दिली गेली होती. ही सूचनाही मी आधी द्यायला हवी होती.

गुरुजी परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. घरात सूनबाई कोणाशी धड बोलत नव्हत्या. 'हिच्या डब्यानं घात केला' असे कोणीतरी नातेवाईक बोलून गेले होते. मी सगळ्यांसमोर सांगितले, "चूक ताईंची नाही, माझी आहे. घरचा डबा न्या म्हणून मी सांगितलं. तो कसला असावा, किती वेळात संपवावा, हे मी सांगितलं नाही." त्या उठून आत गेल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते.

पण गोष्ट तिथे संपली नाही. त्या दिवसापासून गुरुजींनी प्रवासच सोडला. पुतण्याच्या लग्नाला गेले नाहीत. कोणाच्या घरी पाण्याचा पेलाही घेईनात. आंबासुद्धा 'नको, बाधेल' म्हणून बाजूला सारू लागले. आयुष्यभर मुलांना सहलीला नेणारा माणूस दोन वर्षे ओट्यावर बसून राहिला. वाचकहो, विषबाधा तीन दिवसांत उतरली. भीती मात्र दोन वर्षे उतरली नाही. रुग्णाला सावध करणे हे आमचे काम आहे. त्याच्या तोंडातला घास कडू करणे हे नव्हे.

यंदा मुलीने कोकणात बोलावले आहे. परवा गुरुजी दवाखान्यात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "जावं वाटतंय हो डॉक्टर. पण खाऊ काय?" मी चिठ्ठीचा कागद पुढे ओढला आणि औषधाऐवजी हे लिहून दिले. प्रवासाला निघणाऱ्या सर्वांनाच ते लागू आहे, म्हणून इथे देतो :

१. बरोबर घ्यायचे ते कोरडे : कडक भाकरी, शेंगाचटणी, दशमी, लाडू, भडंग. ओली भाजी आणि भात डब्यात नको.

२. वाटेत खायचे ते समोर शिजलेले आणि वाफ निघणारे. दुकान मोठे की लहान हे पाहू नका, भांडी आणि हात स्वच्छ आहेत का ते पाहा.

३. फळ असे घ्या की जे तुम्ही स्वतः सोलाल किंवा धुऊन कापाल : केळी, आंबा, काकडी, शहाळे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळे विचारल्याशिवाय पिऊ नये.

४. पाणी उकळलेले, किंवा सील पाहून घेतलेल्या बाटलीचे. बर्फ नाही.

५. ओआरएसच्या चार पुड्या पिशवीत. उलट्या-जुलाब सुरू झाले तर गोळ्यांबाबत मला लगेच फोन.

६. तिथे गेल्यावर लेकीच्या हातची गरम पेज रोज सकाळी. आंबा एक, जेवणाबरोबर, निर्धास्तपणे.

गुरुजींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "सहावं औषध पुन्हा एकदा वाचून दाखवा." मी वाचून दाखवले. येत्या रविवारी पहाटे त्यांची गाडी निघते आहे. डब्याची जबाबदारी सूनबाईंचीच आहे, आणि कडक भाकऱ्या त्यांनी आत्तापासूनच वाळवायला घेतल्या आहेत.